रात्रीची पाळी कोणाची? लहानग्यांच्या आईबाबांसाठी धागा

मऊखिचडी

घरात तीन वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचा मुलगा. आम्ही पुण्यात. माझे आईबाबा चिपळूणला, सासूसासरे लातूरला. धागा दोन कारणांसाठी काढतेय. मुलं दिवसभर जे बोलतात त्यातलं निम्मं रात्रीपर्यंत विसरायला होतं, ते कुठेतरी लिहून राहावं. आणि दुसरं, थकव्यावर नीट बोलायचंय. "सगळ्यांचीच मुलं अशीच मोठी होतात" हे खूप जणांनी सांगून झालं. त्याने कोणाचीही झोप पूर्ण होत नाही.

आधी गंमत. मागच्या आठवड्यात सोसायटीत भंगारवाला आला. लेक गॅलरीत धावली आणि वरून ओरडली, "काका, आमचं बाळ घेऊन जा, खूप रडतं!" भंगारवाल्याने वर बघितलं आणि तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं, "अजून वजन भरत नाही ताई, मोठं झालं की येतो." तेव्हापासून ती रोज भावाला उचलून बघते. जेवताना त्याच्या तोंडात मऊ भात गेला की खूश होते, कारण वजन वाढतंय. काका परत आले तर काय करायचं, हा प्रश्न आमच्याकडे उभा आहे.

दुसरं पोळीचं. मी तुकडा मोडून दिला. तिला अख्खी हवी होती. नवी अख्खी पोळी दिली तर ती नको, "हीच परत गोल कर." अर्धा तास रडली. शेवटी बाबाने तुकडे ताटात गोल मांडले, वर तूप लावलं, "चिकटली बघ" म्हणाला. मग शांतपणे तीच पोळी तिने तुकडे करून खाल्ली.

आता थकवा. कामाने माणूस थकतो, पण तुटक झोपेने येणारा थकवा वेगळा असतो. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण पाऊण-एक तासाचं, आपलं दीड तासाचं. म्हणजे आपण गाढ झोपेत उतरतोय तोवर ते चाळवतं. सहा तास सलग झोप आणि तेच सहा तास पाच तुकड्यांत, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही, जिभेवर ताबा राहत नाही, आणि तो राग मोठ्या मुलीवर निघतो. हे मला सहन होत नव्हतं.

म्हणून आम्ही रात्र वाटून घेतली. नऊ ते दोन नवऱ्याकडे, दोन ते सात माझ्याकडे. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. बाळ रडलं तरी उठायचं नाही, हा नियम सगळ्यात कठीण. माझ्या झोपेच्या वेळात तो बाळाला आधीच काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने देतो. पाच तास सलग झोप मिळायला लागल्यापासून मी माणसात आलेय. माझं ठाम मत झालंय की लहान मुलांच्या घरात आधी रात्र वाटली गेली पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

तुमच्याकडे रात्र कोण सांभाळतं? आणि गमती लिहाच.

जुळ्यांचा_बाप

छान धागा. आमच्याकडे दोन्ही मुलगे, सव्वा दोन वर्षांचे, नाशिक. एक पडला की दुसरा रडतो. पडलेला रडणाऱ्याकडे बघत बसतो आणि मग त्याची समजूत काढायला जातो. त्यामुळे लागलंय कोणाला ते शोधावं लागतं.

रात्री एकाला मी बघतो, दुसऱ्याला बायको. पाळीपेक्षा आम्हाला हे सोपं गेलं, कारण एक उठला की दुसरा उठायच्या आत त्याला दुसऱ्या खोलीत न्यावं लागतं.

देवगडची_आजी

मुलींनो, मी चार मुलं वाढवली, आता नातवंडं आहेत. आमच्या वेळेला सव्वा महिना बाळंतिणीला खोलीबाहेर यायचं काम नसे. मालिशवाली यायची, बाळाला तेल, शेक, धुरी, दुपट्यात गुंडाळून झोप. डिंकाचे लाडू, अळीव, बाजरीची पेज मला हातात आणून मिळे. घरात सासू, दोन जावा, नणंद. लोक आता म्हणतात जुन्या बायका खंबीर होत्या. तसं काही नव्हतं गो. हात जास्त होते. बाळ या कडेवरून त्या कडेवर फिरायचं, आणि भूक लागली की माझ्याकडे यायचं.

पण रात्र मात्र माझी एकटीचीच होती. हे बाळाच्या बाबांनी करायचं काम आहे असं कोणाच्या मनातही येत नसे. तुझ्या नवऱ्याला माझा आशीर्वाद सांग.

बाळ झोपत नसेल तर गुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त उगाळ आणि मधाचं बोट चाटव. शांत झोपतं.

बालरोगवाला

आजी, मालिश, पेज, हात जास्त असणं, सगळ्याला माझा पाठिंबा. दोन गोष्टींवर मात्र थांबवतो, रागावू नका.

मध एक वर्षाच्या आत अजिबात नको, बोटभरही नको. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, आधी बद्धकोष्ठ होतं, मग चोखता येत नाही, श्वासापर्यंत जाऊ शकतं. शुद्ध, घरचा, गावचा मध असला तरी हेच.

जायफळाचंही तसंच. त्याने बाळ झोपतं कारण त्याला गुंगी येते. किती उगाळलं गेलं याला माप नाही, आणि जास्त झालं तर ते विषारी आहे. पहिले सहा महिने आईचं दूध, बाकी काही नाही, पाणीसुद्धा नाही. सहा महिन्यांनंतर वरचं सुरू, आणि आईचं दूध दोन वर्षं किंवा पुढेही चालू शकतं.

मऊखिचडी ताई, काढलेलं दूध खोलीत चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आपल्या एप्रिल-मेमध्ये त्याहूनही कमी. फ्रिजमध्ये ठेवलंत तर आतल्या बाजूला, दारात नको. एकदा बाळाच्या तोंडी लागलेलं उरलं तर परत वापरायचं नाही. वाटी-चमचा वापरता हे फार चांगलं, बाटलीपेक्षा धुवायला सोपं.

देवगडची_आजी

रागावतेय कशाला डॉक्टर. कोणी कारण सांगितलं नव्हतं आजवर, नुसतं नको नको म्हणत. तुम्ही सांगितलंत ते पटलं. मध, जायफळ बंद. मालिश चालू.

बी_शिफ्ट

मी चाकणला कारखान्यात आहे, तीन पाळ्यांत काम. मुलगी दीड वर्षाची. बायको नर्स आहे, तिलाही पाळ्या. आमच्याकडे रात्र वाटण्याचा प्रश्न आठवड्यागणिक बदलतो, म्हणून जे कामाला आलं ते सांगतो.

कारखान्यात पाळी बदलताना आधीचा माणूस वहीत लिहून जातो. कोणतं मशीन कसं चाललंय, काय बिघडलं, काय अर्धं राहिलंय. घरी फ्रिजला दोरीने वही आणि पेन बांधलंय. शेवटचं दूध किती वाजता, शी झाली का, ताप असेल तर औषध कोणतं आणि किती वाजता दिलं, कुठे पुरळ दिसलं. ज्याची पाळी सुरू होते त्याने वही वाचायची, झोपलेल्याला उठवून विचारायचं नाही. तापाच्या औषधाचा डोस दोघांकडून दोनदा जाणं या वहीमुळे टळतं. फक्त यासाठी तरी प्रत्येक घरात ती हवी.

मुलगी आता वही बघून शिकली. परवा तिने खडूने पानभर रेघोट्या मारल्या आणि मला आणून दाखवल्या. विचारलं काय लिहिलंस? म्हणाली, "बाबा शी नाही केली."

एक गोष्ट मनापासून लिहितो. बाप हात लावत नाही म्हणतात, पण बापाला वेळ कोण देतं? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी कंपनीत तसा कायदाच नाही, कंपनीच्या मर्जीवर. सिझेरियन झालेली बायको घरी असताना, टाके ओले असताना, मी पाळीवर होतो. पहिल्या आठवड्यात बाळ हातात घेता आलं नाही की तो बाप पुढे बाळाला घाबरतो. माझे कितीतरी सहकारी असे आहेत. वाईट नाहीत, घाबरलेले आहेत.

मऊखिचडी

बी_शिफ्ट दादा, वही आजच बांधली. आमच्याकडे खरंच एकदा "तू दिलंस का औषध" वर रात्री तीनला भांडण झालं होतं.

रजेवरून आठवलं, मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची परवानगीही त्यात आहे. आपल्याकडे किती जणींना हे माहीत आहे? कामावर परत जाताना लेखी विचारा. मी विचारलं तेव्हा कंपनीने जवळच्या पाळणाघराशी करार केला. कोणी आपणहून सांगितलं नसतं.

तांबडा_पांढरा

कोल्हापूर, एकत्र कुटुंब. आजी म्हणाल्या तसे हात आहेत, त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. पण हातांबरोबर मतंही येतात. सासूबाई म्हणतात टोपरं घाला, मोठ्या जाऊबाई म्हणतात उकडतंय काढा, आत्याबाई म्हणतात काजळ घाला दृष्ट लागेल. माझा मुलगा दिवसभरात टोपरं घालतो-काढतो, आता तो स्वतःच टोपरं आणून समोरच्याच्या हातात देतो आणि वाट बघतो की आता काय होणार.

पावणेदोन वर्षांचा आहे. अडचण जेवणाची. मोबाईलवर गाणं लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. घरात सगळे तेच करतात, मी नको म्हटलं तर "उपाशी ठेवतेस का लेकराला". काय करू?

बालरोगवाला

काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. दृष्टीसाठी तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, आणि ती बाजारातल्या डबीतली नको.

मोबाईलचं: भारतीय बालरोग संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक सूचना दोन वर्षांखाली स्क्रीन नको अशीच आहे. गावच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. जेवताना तर नकोच, कारण मूल काय खातंय आणि पोट भरलं का याकडे लक्षच जात नाही. उपाशी राहण्याची भीती घेऊ नका. या वयात वाढीचा वेग पहिल्या वर्षापेक्षा कमी होतो, म्हणून भूकही कमी होते. काय द्यायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं हे त्याला ठरवू द्या. नवी भाजी एकदा थुंकली म्हणजे नावडती झाली असं नाही, आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. अर्ध्या तासानंतर ताट उचला.

आणि शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार वर्षांपर्यंत अख्खी देऊ नका. हे सगळ्या घराला सांगा, विशेषतः लाड करणाऱ्या आजोबांना.

म्युनिकची_मावशी

डॉक्टर, सांगता ते बरोबर आहे, पण एकट्या आईचं काय? आम्ही जर्मनीत. नवरा सकाळी जातो, संध्याकाळी येतो. मला अंघोळ करायची असेल तर बाळाला ठेवू कुठे? वीस मिनिटं कार्टून लावणाऱ्या आईला दोषी ठरवून काही होत नाही. तिला एक जोडी हात हवे आहेत, ते मिळाले की कार्टून आपोआप बंद होतं.

इथे रजा भरपूर आहे, ते मान्य. पालकत्व रजा दोघांनाही प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत घेता येते, आणि पालकभत्ता मुळात बारा महिने, दोघांनीही रजा वाटून घेतली तर चौदा. नवऱ्याने त्याचे दोन महिने घेतले. ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात शांत. पण शेजारी बाळ द्यायला कोणी नाही. खालच्या मजल्यावरून दाराला चिठ्ठी आली होती, मूल धावतं म्हणून. इथे २०११ मध्ये कायदा दुरुस्त करून सांगावं लागलं की पाळणाघर आणि खेळाच्या मैदानातला मुलांचा आवाज हा उपद्रव मानायचा नाही. लातूरला असा कायदा लागला असता का?

गंमत: कोथरूडच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर जेवण चालतं. आजी तिकडे आ करते, लेक इकडे वरणाचा घास थेट फोनला भरवते. फोन रोज पुसावा लागतो. एकदा कॉल तुटला तर ती रडली, आजीने घास गिळला नव्हता म्हणून.

बालरोगवाला

मावशी, एकट्या आईला दोष द्यायचा नव्हता. एकटं असाल तर बाळाला पाळण्यात किंवा कठडा असलेल्या पलंगात ठेवा, हाताशी काही लहान वस्तू नाही बघा, आणि अंघोळीला जा. पाच-दहा मिनिटं रडलं तर काही बिघडत नाही.

वेलदोडा

बराच वेळ लिहू की नको करत होते.

सगळे थकव्याबद्दल बोलताहेत. माझं थकव्यापलीकडे गेलं होतं. बाळ झोपलेलं असायचं तरी मला झोप यायची नाही. बाळाकडे बघून काही वाटायचं नाही, आणि काही वाटत नाही म्हणून रडू यायचं. घरच्यांना वाटलं दूध कमी आहे म्हणून रडते. मेथी, शतावरी, सगळं चालू. सगळे माझ्याशी चांगलंच वागत होते, तरी कोणाला सांगता येत नव्हतं. लसीकरणाला गेले तेव्हा तिथल्या नर्सताईंनी बाळाचं वजन करताना सहज विचारलं, "तुझं कसं चाललंय?" आणि मी तिथेच कोसळले. मग डॉक्टर, औषधं, समुपदेशन. आता मुलगी दोन वर्षांची आहे, मी बरी आहे, तिच्यावर माझं मनापासून प्रेम आहे.

पहिल्या आठवड्यात रडू येणं बहुतेकींना होतं, दोन आठवड्यांत ओसरतं. त्याहून जास्त चाललं तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. भारतातल्या अभ्यासांचा २०१७ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात साधारण २२ टक्के मातांमध्ये प्रसूतीनंतरचं नैराश्य आढळलं. म्हणजे पाचांत एक. हा धागा वाचणाऱ्यांत नक्की कोणीतरी आहे. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची फोन मदतवाहिनी, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर घरच्यांना आत्ता सांगा आणि दवाखान्यात जा, सकाळची वाट बघू नका.

मऊखिचडी

वेलदोडा, लिहिलंस ते फार मोलाचं आहे. बाळाला बघायला येणाऱ्या प्रत्येकाने हा एक प्रश्न आईलाही विचारावा.

अंगणातली_ताई

मी डहाणू तालुक्यात अंगणवाडी सेविका. तुमच्या मुलांसारखी पंचवीस-तीस माझ्याकडे रोज असतात, तेव्हा गमतींना तोटा नाही. एक मुलगा रोज शेळीचं पिल्लू घेऊन येतो. त्याला आत बसू दिलं नाही तर तोही बसत नाही. हजेरी घेताना त्याचं नाव झालं की तो पिल्लाचं नाव सांगतो, आणि मुलं ओरडतात "हजर!"

एक सांगायचंय. शहरातल्या बऱ्याच जणांना वाटतं अंगणवाडी म्हणजे खिचडी. पण अंगणवाडीची मूळ कल्पना आमच्याच भागातली आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, बरोबर अनुताई वाघ. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी केलं. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे त्यांना दिसलं की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत कारण धाकटं कडेवर असतं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकट्याला ठेवायला जागा झाली तेव्हा मोठी शिकायला बसली. आजच्या अंगणवाड्या ज्यात चालतात ती सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ ला आली.

मऊखिचडी ताई, तुमची मोठी मुलगी तीनची झाली ना? शहरातही अंगणवाड्या आहेत, जाऊन बघा. सकाळचे ते तास तिला मुलं मिळतील आणि तुम्हाला एकाच बाळाबरोबर बसता येईल. तिला जे "बाळ घेऊन जा" वाटतं ना, ते माझ्याकडे येणारी प्रत्येक नवी ताई आणि दादा म्हणतात. त्यांना आईचा थोडा वेळ फक्त स्वतःसाठी हवा असतो. दुपारी बाळ झोपलं की दहा मिनिटं फक्त तिची, फोन लांब ठेवून. महिन्याभरात ती भंगारवाल्याला हाकलून देईल.

नवीन_आई_सोलापूर

पहिल्यांदाच लिहितेय. मुलगा पाच महिन्यांचा. सगळं वाचलं. माझा नवरा मनाने चांगला आहे, पण रात्री उठत नाही. म्हणतो मला सकाळी ऑफिस आहे, आणि बाळ माझ्याकडे राहत नाही, तुझ्याकडेच थांबतं. सासूबाईही म्हणतात पुरुषांना जमत नाही ते. पाळीचं बोलू कसं?

देवगडची_आजी

सासूबाईंशी आधी बोल, नवऱ्याशी नंतर. त्यांना एकटीला गाठ आणि विचार, "आई, तुमची मुलं लहान असताना तुम्ही किती झोपलात?" भांडायला नको, नुसतं विचार आणि ऐकून घे. त्यांनाही कोणी विचारलं नसेल. माझ्या सुनेने मला असंच विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुलाला बसवलं आणि सांगितलं, रात्री तू उठायचं. बायकोने सांगितलं तर त्याला तक्रार वाटली असती, आईने सांगितल्यावर ऐकावं लागलं.

बी_शिफ्ट

ताई, बाळ त्याच्याकडे राहत नाही कारण त्याला सवय नाही. बाळालाही नाही आणि त्यालाही नाही. रात्रीपासून सुरू करू नका. आधी संध्याकाळची अंघोळ किंवा मालिश रोज त्याच्याकडे द्या, तुम्ही खोलीत थांबू नका. वास, आवाज, धरण्याची पद्धत बाळाला ओळखीची झाली की रात्री थांबतं. मग शनिवारची रात्र घ्या, रविवारी दोघांनाही ऑफिस नसतं. लंगोट, दुपटी, तेल, कपडे, दूध कुठे आहे ते कागदावर लिहून भिंतीला लावा, नाहीतर दर दहा मिनिटांनी तुम्हाला हाक येईल. पहिल्या रात्री बाळ जास्त रडेल, त्यासाठी तयार राहा आणि सासूबाईंनाही आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या उठून घ्यायला येणार नाहीत. नवऱ्याला काही विचारायचं असेल तर इथे लिहायला सांगा, मी साडेअकराला पाळीवरून घरी येतो, तेव्हा उत्तर देईन.